पांढऱ्या कागदाच्या कड्या

वगदी गेल्याचं पोर्ट सईदमध्ये कळलं ते मंगळवारी सकाळी, मशिदीच्या भोंग्यावरून. फेरीबोटीचे दोर बांधणारा वगदी. आदल्या दिवशी धक्क्यावर व्हेप, म्हणजे बॅटरीवरची सिगारेट, ओढताना तिची पितळेची नळी त्याच्या तोंडातच फुटली होती. दफन दुपारच्या नमाजानंतर होतं.

शौकीनं आपलं व्हेपच्या बॅटऱ्यांचं दुकान उघडंच ठेवलं. नळीतली बॅटरी त्याच्याच दुकानातली होती.

दहाच्या सुमारास वगदीचा थोरला भाऊ गाबेर आला. मासे तळणारा माणूस. आज त्याच्या अंगाला कापराचा वास होता. भावाला आंघोळ घालून आला होता. त्यानं रोटीची पिशवी काउंटरवर ठेवली आणि म्हणाला, "हाजी शौकी, मला यातलं काही कळत नाही. तुम्ही बघा."

पिशवीत नळी होती, उभी फाटलेली. असल्या नळीत चिप नसते, की काही बिनसलं तर करंट तोडेल. बटण दाबलं की बॅटरीचा सगळा जोर सुटतो. म्हणून जे काही बघायचं ते बॅटरीतच बघायचं. ते बघायची शौकीची बायको, इख्लास. शौकी समोर बसून विकायचा. ती मागच्या टेबलावर बंदरातून आलेली एकेक बॅटरी हातात फिरवायची, खरचटलेलं प्लास्टिकचं आवरण सोलून नवं चढवायची, हेअर ड्रायरनं आवळायची. गिऱ्हाइकाला आधी नळी उघडून दाखवायला लावायची, आणि आतली तापणारी तार बघून बेलाशक नाही म्हणायची. वगदी तिला बॅटऱ्यांची सुईण म्हणायचा. एकदा त्यानं विचारलं होतं, "सुईणबाई, मुलगा की मुलगी?" ती म्हणाली होती, "मुलगा. तुझ्यासारखाच तापट. देणार नाही." आणि खरंच बॅटरी दिली नव्हती.

इख्लासला जाऊन दोन महिने झाले होते. तेव्हापासून आवरणं शौकीच चढवत होता.

त्यानं बॅटरीचं उरलेलं डोकं उजेडात धरलं. मधला बोंडा, म्हणजे धन टोक, आणि बाजूची ऋण कड वितळून एक झाली होती. काउंटरखाली एक टॉर्च असायची, तिच्यातली बॅटरी इख्लासनं गुंडाळलेली होती. त्यानं ती काढली आणि ब्लेडनं आवरण चिरलं. आत, बोंड्याभोवती, पांढऱ्या कागदाची एक कडी चिकटवलेली होती. मग त्यानं ट्रेमधली स्वतःच्या हातची एक चिरली. आत काही नव्हतं. बोंड्यापासून तांदळाच्या दाण्याएवढ्या अंतरावर उघडी कड. वर फक्त पातळ प्लास्टिक. ते जरा जरी फाटलं, की नळीचं पितळ दोन्हींना एकदम लागणार. कागदाची कडी तेच अडवत होती.

अकरा वर्षं तो तिच्यापासून चार हातांवर बसला होता. कडी आवरणाखाली जायची, त्याला ती कधी दिसली नव्हती.

दिसली होती, एकदा. चाळिसावा झाल्यावर रीतीप्रमाणे तिचे कपडे, शिवणाचं सामान वाटून टाकायला काढलं. मेहुणी पोती भरत होती. गोळ्यांच्या एका डब्यात पांढऱ्या कागदाच्या बारीक कड्या निघाल्या, डबाभर. हे काय, मेहुणीनं विचारलं. बटणांखाली लावायचं काहीतरी असेल, तो म्हणाला होता, देऊन टाक.

गाबेर त्याच्या हातांकडे बघत होता.

"ही वहिनींच्या हातची होती का?"

"हो," शौकी म्हणाला.

गाबेरनं नळी आणि बॅटरीचं डोकं पिशवीत टाकून तिच्या तोंडाची घडी घातली. इथून तो चौकीवर जाणार होता, आता जात नाही म्हणाला. मेलेल्या बाईचं नाव चौकीत कशाला न्यायचं. अल्लाह दोघांनाही माफ करो. दारातून वळून म्हणाला, "नमाजाला या हाजी. खांदा द्यायला माणसं कमी आहेत."

तो गेल्यावर शौकीनं वही काढली. त्याच्या हातच्या चौदा बॅटऱ्या विकल्या गेल्या होत्या. एक त्या पिशवीत होती. पहिला नंबर सबरीचा होता, कालव्यापलीकडे पोर्ट फुआदला जहाजाच्या गोदीत काम करणाऱ्या वेल्डरचा. शौकीनं फोन लावून त्याला सांगितलं, नळी आत्ताच्या आत्ता उघड, बॅटरी काढ, मला आणून दे.

सबरीनं ऐकून घेतलं. म्हणाला, "काका, तुम्ही घाबरलात. काकूंनी मागं ठेवलेल्या मालातली आहे ना? मग वगदीनंच तार चुकीची बसवली असणार, कधी ऐकायचा का तो कुणाचं? मी नाही देत. काकू गेल्या, आता तशी मिळायची कुठं?"

एक वाक्य बोललं असतं तरी पुरलं असतं.

"मिळायची नाही," शौकी म्हणाला.

दुसरा माणूस तेच म्हणाला. तिसरा तर म्हणाला, काकूंच्या हातची वस्तू मी आठवण म्हणून ठेवणार आहे. चौथ्याला त्यानं फोन केला नाही.

नमाज झाला. गाबेर जनाज्याच्या डोक्याशी उभा राहिला आणि दफनाआधी म्हणतात तसं म्हणाला, "वगदीबद्दल कुणाचं काही देणं, काही सांगणं राहिलं असेल, तर मला सांगा. आत्ता सांगा."

शौकी तिसऱ्या रांगेत होता. दुसऱ्या रांगेत, बरोबर त्याच्या पुढ्यात, सबरी उभा होता. पॅंटच्या मागच्या खिशातून नळीचं टोक बाहेर आलं होतं.

जनाजा उचलला. शौकीनं पुढं होऊन खांदा दिला.

तेरा बॅटऱ्या अजून बाहेर होत्या. त्या इख्लासनं गुंडाळलेल्या नाहीत, हे सांगायचं राहिलं होतं.