वांगी वेशीच्या आत

“गोठ्यामागची कोंबडखताची गोणी अजून वाफ मारता,” झोपडीवर माडाचे झाप बांधता बांधता गुणाजीकाका म्हणाले. “परत गेल्यार खड्डो मारून पुरूया. कुजांदे बरा.”

संचिताच्या हातातलं सुंभ सुटलं.

“वाफ म्हणजे? खतच ना ता?”

“कुजल्यार खत. ताजा घातलंस तर झाडाची मुळां शिजतत, भात शिजता तशी.” काका हसले. “कित्याक गो, परीक्षेत इला?”

नववीतली संचिता सुंभ उचलून उगीचच गाठ मारायला लागली.

सकाळी सगळे टेम्पोत भांडीकुंडी भरत असताना तिनेच ती गोणी फोडली होती. काकीच्या वांग्यांच्या एकेका रोपाला ओंजळ ओंजळ, अख्ख्या वाफ्याला. काकी दरवर्षी शेणखत घालते, तेही चाळून, मूठ मूठ, कंजुषासारखं. संचिताने हात सैल सोडला. परत यावं तर वांगी ही एवढी, आणि काकीचे डोळे त्याहून मोठे, असा तिचा बेत होता. व्हिडिओसुद्धा काढणार होती.

आणि आता ती वेशीच्या बाहेर, वांगी वेशीच्या आत. गावपळण. देवाने कौल दिला आणि माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्रीसुद्धा गाव सोडून आली. परतीचा कौल होईपर्यंत मागे पाऊल टाकायचं नाही म्हणजे नाही. पाण्याची कळशी घेऊन तर नाहीच नाही.

ती व्हाळाच्या काठावर जाऊन उभी राहिली. ह्या ओढ्यापलीकडे गाव. माडांचे शेंडे तेवढे दिसत होते. सत्यवतीकाकी खाली टोप घासत होती.

“काकी, वांग्यांका पाणी कधी घातलंस?”

“काल सांजेक. थंडीचे दिस, दंव पडता. रवतली ती.”

“ताज्या खतार दंव पुरता?”

काकीने टोप खाली ठेवला. उठली, संचिताचा हात धरून नाकाशी नेला. दोनदा साबण लावलेला हात. तरीही.

“किती रोपांका?”

“सगळ्यांका.”

मालवणच्या बाजारात काकीची टोपली ह्या वांग्यांनीच भरायची.

“भरपूर पाणी गावला तर?” संचिताने विचारलं.

“भरपूर गावला तर खताची आग उतरता. वाचतीत कदाचित.” काकीने माडांच्या शेंड्यांकडे बघितलं. “पण घालतलो कोण?”

तेवढ्यात वर गडबड उडाली. समुद्राच्या बाजूने आभाळ काळं व्हायला लागलं होतं. डिसेंबरात. कोणी सरपणावर ताडपत्री टाकत होतं, कोणी पाळण्यातलं पोर उचलून झोपडीझोपडीतून कोरडा कोपरा शोधत होतं. झापांतून आभाळ दिसत होतं. पाणी थांबतंय कसलं.

गुणाजीकाकांनी सगळ्यांना हाक मारली. गावाकडे तोंड करून नारळ ठेवला. काकी आणि संचिता मागे जाऊन उभ्या राहिल्या.

“बा देवा म्हाराजा, तुझ्या शब्दाखातर उघड्यार इलेली ही लेकरां. तेंका सांभाळ रे म्हाराजा.”

“होय म्हाराजा,” सगळे म्हणाले. संचिताही म्हणाली, काकीही म्हणाली.

“ह्यो वर इलेलो पावस समुद्रातच जिरव रे म्हाराजा. एक थेंब हय पडाक नको रे म्हाराजा.”

“होय म्हाराजा,” बाकीचे म्हणाले.

संचिताचे हात जोडलेले होते, पण तोंड उघडेना. तिने हळूच बाजूला बघितलं.

काकीचेही हात जोडलेले होते. ओठ मिटलेले. डोळे ढगावर.