मूळ नाटकातला शब्द

"दे..." नुत्साच्या तोंडून पुढे नुसती हवा बाहेर आली.

"पुन्हा," हालिना म्हणाली.

मलखाजनं ते जॉर्जियनमध्ये सांगितलं. सांगायची गरज नव्हती. सकाळपासून हा एकच शब्द अडला होता. देदा. आई. पोलिश नाटकातली मुलगी रिकाम्या दारात उभी राहून मेलेल्या आईला हाक मारते. कुणी येत नाही. तिथंच नाटक संपतं. संध्याकाळी कुताइसी शहरातले लोक बघायला येणार होते आणि हाकच निघत नव्हती.

हालिना वॉर्साहून कार्यशाळा घ्यायला आली होती. तिला जॉर्जियनचा गंध नव्हता. मलखाज तरुणपणी पोलंडात नाटक शिकला होता, म्हणून दुभाष्याची खुर्ची त्याच्याकडे आली. नुत्सा त्याची मुलगी.

हालिना खिडकीपर्यंत जायची, परत यायची. एका जागी थांबतच नव्हती. "तिला सांगा, स्वतःच्या आईला मारते तशी हाक मार. त्यात एवढं अवघड काय आहे?"

मलखाजनं नुत्साकडे बघितलं नाही. "त्या म्हणतात, आईला हाक मार."

"कळलं, बतोनो मलखाज."

कडेला बसलेले नट खाली बघू लागले. बतोनो म्हणजे साहेब. बापाला कुणी बतोनो म्हणत नाही. नुत्साची आई मनाना वारली त्या संध्याकाळी नुत्सानं थिएटरात फोन केला होता. "प्रयोग संपला की निघतोच," मलखाज म्हणाला होता. तो घरी पोचला तेव्हा मयताच्या घरात टाकतात तशा शेजारणी आरशांवर चादरी टाकत होत्या. तेव्हापासून तो स्वतःच्या घरात साहेब झाला. तिनं शिव्या दिल्या असत्या तर त्याला चाललं असतं.

"जमत नसेल तर लिकाला उभी करते," हालिना म्हणाली.

एवढं मात्र मलखाजनं सांगितलं नाही. पण लिकाचं नाव नुत्साला ऐकू आलं.

"मीच करणार," ती म्हणाली. "मला फक्त तो शब्द नको."

मलखाजनं हे सांगितलं.

"मग मूळ शब्द घेऊ दे. मामा. अर्ध्या जगात आईला मामाच म्हणतात."

मलखाज गडबडला. "तो नको. इथं चालणार नाही."

"का?"

"लोक हसतील."

"हसू देत. सांगा तिला."

त्यानं सांगितलं. जाबा नावाचा जाडा नट फिसकन हसला. "झालं! बाई, अख्खं नाटक फिरवलंत की!" मग नुत्साचा चेहरा बघून तो गप्प झाला.

नुत्सा दाराकडे तोंड करून उभी राहिली. मग दाराकडे पाठ केली आणि दुभाष्याच्या खुर्चीकडे बघून ओरडली, "मामा!"

आवाज फाटला. तिनं परत हाक मारली. "मामा!"

"हेच!" हालिनानं टाळी वाजवली. "आता फक्त दाराकडे बघून..."

मलखाज उठला होता. खुर्ची मागे आडवी झाली. पायरीला ठेचकाळत तो रंगमंचावर चढला.

"अहो, तुम्ही कुठं मध्येच? ती आईला बोलावतेय!"

"तुमच्या भाषेत," मलखाज मागे न बघता म्हणाला. "आमच्यात मामा म्हणजे बाप."