मंगळवारचा धडा

लाल टोपी अजून खाली आली नव्हती.

सुन्निवा झोपडीच्या दाराशी उभी राहून उताराकडे पाहत होती. वीस मिनिटांपूर्वी तिला वाटेवरचं एकटं बर्चचं झाड दिसत होतं. आता त्याच्या अर्ध्या अंतरावरचा खांबही दिसेना. सकाळपासून तापमान सहा अंशांनी चढलं होतं आणि वाऱ्याने दिशा बदलली होती. पडणारा बर्फ हातमोज्याला चिकटत होता. कोरड्या बर्फापेक्षा हा जड असतो, आणि जुन्या थरावर नीट बसत नाही. मघाशी वरून एक बोदा आवाज आला होता, जाड दार लोटल्यासारखा.

"छपरावरचा बर्फ घसरला असेल," आतून बोर्गहिल्डकाकू म्हणाल्या. त्या लोखंडी साच्यात वाफल, जाळीदार गोड पोळ्या, भाजत होत्या. "ये गं आत. बाप तुझा खाली येईल तेव्हा येईल. घाई केलीय का कधी त्याने?"

आत हशा पिकला. नवे विद्यार्थी गुडघे चोळत तपकिरी चीजवर ताव मारत होते. गावच्या स्की शाळेचा हा खुला रविवार होता. टाच मोकळी ठेवून, एक गुडघा वाकवून वळायची रीत याच खोऱ्यातली. पण खोऱ्यातली पोरं आता टाचा बांधून लिफ्टने वर जात. गेल्या हिवाळ्यात शाळेत चौघे आले होते. यंदाही तेवढेच आले असते तर शाळेला कुलूप लागलं असतं. आज चौदा जण आले होते.

डोंगरावरून उतरताना पुढे शिक्षिका, म्हणजे आता सुन्निवा, आणि सगळ्यांत शेवटी लाल टोपी, असा शाळेचा नियम होता. टोपी खाली आली की सगळे आले. डोकी मोजायची नाहीत. तीस वर्षं ती टोपी सुन्निवाच्या वडिलांच्या, गुन्लेकच्या डोक्यावर होती. शहात्तराव्या वर्षीही ते ती कुणाला देत नव्हते.

सकाळी सगळे बुटांचे पट्टे आवळत असताना त्यांनी तिला बाजूला घेतलं होतं.

"काठीचं सांगितलंस त्यांना?"

"मंगळवारी सांगते, बाबा."

"पहिला धडा तोच असतो. वळणं मग."

"पहिल्याच दिवशी माणूस कसा हरवतो ते शिकवू? पुन्हा तोंड दाखवतील का? आज नुसते हसू देत."

गुन्लेकनी टोपी कानांवर ओढली. "डोंगराला कळवलंयस ना, मंगळवारपर्यंत दम धर म्हणून?"

ती हसली होती. मग विद्यार्थ्यांसमोर उभी राहून मोठ्याने म्हणाली होती, "मोकळी टाच म्हणजे वाटेल तिथे जाता येतं, लक्षात ठेवा!" त्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

पडत्या बर्फात काहीतरी लाल हललं.

"आली! टोपी आली!" खिडकीशी बसलेली एक मुलगी ओरडली. सगळे वाफल हातात घेऊनच दाराशी धावले. सुन्निवाच्या खांद्यांवरचा ताण एकदम उतरला. लाल ठिपका मोठा होत गेला, दोनदा धडपडला, पुन्हा उठला.

बाबा कधी धडपडत नसत.

टोपीखाली ओस्लोहून आलेले दातांचे डॉक्टर होते, ओर्नुल्फ. दमलेले, खूश, मिशांवर बर्फ. त्यांच्या हातात तीन काठ्या होत्या.

"डॉक्टर, ही टोपी कुठे मिळाली?"

"तुमच्या वडिलांची ना? वर विसरलेत ते. बर्चपाशी काठीवर अडकवली होती. मी जरा इकडेतिकडे फोटो काढत भटकलो, मग वाटेवर आलो तर ही दिसली. तुम्हीच म्हणालात ना, वाटेल तिथे जाता येतं?" त्यांनी तिच्या खांद्यावरून आत डोकावलं. "कुठायत ते? माझ्या आधी पोचले असतील."

बोर्गहिल्डकाकूंनी साचा उघडा टाकला.

कुणाच्या शोधात वाट सोडावी लागली, तर माणूस आपली एक काठी वाटेत रोवतो. तिच्यावर टोपी अडकवतो. आणि ज्या बाजूला चालला, त्या बाजूला काठी कलती ठेवतो. दुसऱ्या कुणीही तिला हात लावायचा नसतो. या खोऱ्यात हे चार वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं. बर्चच्या डावीकडे ओढ्याची खोल घळ होती, वर बर्फाचा पातळ पापुद्रा धरलेली. उजवीकडे एक उभा चढ होता, सकाळपासून नवा जड बर्फ साठत गेलेला, केव्हाही घसरेल असा.

दारातून दिसणाऱ्या डॉक्टरांच्या स्कीच्या खुणा बर्फाने भरत चालल्या होत्या.

"काठी," सुन्निवा म्हणाली. "डॉक्टर, नीट आठवा. काठी कुठल्या बाजूला कलली होती?"

"कलली होती खरी," डॉक्टर म्हणाले, आणि ती तिसरी काठी त्यांनी जपून तिच्या हातात दिली. "चांगलीच कलली होती. म्हणून तर उपटून आणली. पडून हरवली असती."