उजव्या बाजूचं दार

राजेसाहेबांच्या जुन्या विश्रामगृहाची मोजणी माझ्याकडे आली होती. डावी बाजू मी टेप लावून मोजली. मग कंटाळा आला.

"पलीकडचं नाही मोजायचं?" झाडलोट करणाऱ्या मावशींनी हटकलं.

"अहो मावशी, दोन्ही बाजू सारख्याच असतात," मी शहाणपणा केला. ऑफिसात येऊन डावी बाजूच उलटवून उजवीकडे काढली. डावीकडच्या शेवटच्या खोलीला मागे एक दार होतं, ते नकाशात उजवीकडेही आलं.

नकाशाचं कौतुक झालं. मी ते निर्लज्जपणे पदरात पाडून घेतलं.

महिन्याभराने दुरुस्तीच्या कामासाठी पुन्हा गेलो. भर दुपार होती. उजव्या बाजूच्या शेवटच्या खोलीत मावशी झाडू धरून उभ्या होत्या. समोर जुनं सागवानी दार होतं. कडीवर गंज चढलेला.

"तीस वर्षं इथे झाडतेय. इथे भिंत होती," त्या म्हणाल्या.

मी बाहेरून जाऊन पाहिलं. मागे सलग दगडी भिंत होती, साधी फटसुद्धा नाही.

परत येऊन मी मान खाली घालून खरं काय ते सांगितलं. मावशी रागावल्या नाहीत. तेच जास्त लागलं.

"रोज याच वेळी आतून कुणीतरी विचारतं," त्या हळूच म्हणाल्या, "नकाशात दार काढणारे आले का म्हणून. मी आपली नाही म्हणते."

दारावर आतून टकटक झाली.

मावशींनी माझ्याकडे पाहिलं.

"आज काय सांगू?"