उसना श्वास

खडीच्या कारखान्यात बावीस वर्षे धूळ गिळलेल्या अनुसया लोखंडे आजही ठेवणीतले पातळ नेसून आल्या होत्या. त्यांचा दिव्यांग भत्त्याचा अर्ज दोनदा फेटाळला गेला होता, कारण डॉक्टरांनी प्रकृती विचारली की त्या दरवेळी 'बरं आहे' म्हणत. नव्या नियमाप्रमाणे आता तपासणाऱ्या डॉक्टरनेच अर्जदाराचा श्वास एक मिनिट अनुभवायचा होता. मिनिट अपुरे राहिले, तर अर्ज बाद.

डॉक्टर केळुसकरांनी दोघांच्या छातीला यंत्राचे पट्टे बांधून कळ दाबली. तत्क्षणी डॉक्टरांच्या उरावर जणू जात्याचा दगड आला. खोलीभर हवा होती, पण ती आत शिरत नव्हती.

चाळिसाव्या सेकंदाला अनुसयाबाईंनी स्वतःचा पट्टा काढून टाकला. घड्याळ थांबले.

"मावशी, हे काय केलंत? अर्ज जाईल तुमचा!"

"जाऊ दे. केवढा घाम फुटलाय तुम्हाला!" त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "पण डॉक्टर, माझ्या छातीत आत्ता जे भरलं, ते तुमचं होतं? पार बेंबीपर्यंत गेलं हो. असा श्वास तुम्ही दिवसभर घेता? आणि तरी मघाशी दारातल्या शिपायावर खेकसत होतात?"

यंत्र श्वासांची अदलाबदल करते, हे डॉक्टरांना ठाऊक होते. समोरच्याला काय मिळते, हे त्यांनी कोणालाही विचारले नव्हते. त्यांनी तो पट्टा उचलला, स्वतःच्या हातांनी पुन्हा अनुसयाबाईंना बांधला आणि कळ दाबली.

"वीस सेकंद उरलेत, मावशी. सावकाश घ्या."

अनुसयाबाईंनी डोळे मिटले.