यादीतलं बेचाळिसावं नाव

यादीत एक्केचाळीस नावं होती आणि धाकटीचं नव्हतं.

तिने यादी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. 'टिंबटिंब' या टोपणनावाच्या कुणा गृहस्थाने मदतीच्या पानावरचा एक स्वल्पविराम इकडचा तिकडे केला होता. त्याचेही रीतसर आभार मानले होते. आणि 'लहान मुलांचं प्रमाण' हा भाग, जो धाकटीने दोन महिने खपून लिहिला होता, त्याच्यापुढे एकच नाव होतं. ताईचं.

प्रोग्राम ताईने बारा वर्षांपूर्वी सुरू केला होता. दवाखान्यातल्या पंपाने रुग्णाला औषध किती आणि कुठल्या वेगाने सोडायचं, याचं गणित तो करायचा. सगळा कारभार खुला. कुणीही वापरावा, कुणीही सुधारावा. त्या बदल्यात मिळायचं ते हातभार लावणाऱ्यांच्या यादीतलं नाव, बस. म्हणूनच ताई नावांच्या बाबतीत भलती काटेकोर होती. या खेपेला मात्र नवी आवृत्ती ठरल्यापेक्षा महिनाभर आधीच निघाली, तीही एका दिवसात. धाकटीचा भाग तीन महिन्यांपूर्वीच वापरात आला होता, पण यादी नव्या आवृत्तीबरोबरच निघायची. त्या भागातली एक ओळ आता बदलली होती. बाकी सगळं जसंच्या तसं.

एक खिडकी बदलायची आणि अख्खं घर नावावर करून घ्यायचं, बरं आहे, असं पुटपुटत धाकटी ताईच्या कॉलेजात पोहोचली.

ताईच्या खोलीत तपासायच्या पेपरांचे गठ्ठे पडले होते. सगळ्यात वरच्या पेपरावर लाल पेन उघडंच होतं.

"माझं नाव राहिलंय यादीत," धाकटी म्हणाली.

"राहिलं नाही. तो भाग माझा आहे."

ताई चेष्टा करतेय असं धाकटीला क्षणभर वाटलं. पण ताईला चेष्टा कधीच जमली नव्हती.

"मी लिहिला. तुला मेलवर पाठवला."

"प्रोग्राममध्ये मी टाकला. मी टाकला म्हणजे माझा."

"अगं, शुक्रवारी माझी मुलाखत आहे. सहा वर्षं घरी बसले. पोरगी आत्ता कुठे शाळेत जायला लागलीय. दाखवायला माझ्याकडे एवढं एकच काम आहे."

"त्यांना सांगितलंस त्याबद्दल?"

"अजून नाही."

"मग सांगू नकोस. दुसरं काहीतरी दाखव."

धाकटीने फोनवर ती जुनी मेल उघडली आणि ताईच्या नाकासमोर धरली. ताईने फोन हातात घेतला, मेल पुसली, कचऱ्याच्या डब्यातूनही पुसली आणि फोन परत दिला.

"आणखी कुठे प्रत आहे?"

"नाही," धाकटी म्हणाली. जुना लॅपटॉप कपाटात होता, पण ते ताईला कशाला सांगायचं?

तिथून धाकटी माहेरी गेली. आईने वाटाणे सोलता सोलता सगळं ऐकून घेतलं.

"लहानपणी तुझी गणितं तीच सोडवायची," आई म्हणाली. "बाईंनी शाबासकी तुला दिली, तेव्हा तू कुठे तोंड उघडलंस?"

"आठ वर्षांची होते मी, आई."

"ती अकराची होती. तीही काही मोठी नव्हती."

धाकटीला रडू आलं. मग रडण्याचाच राग आला. घरी येऊन तिने प्रोग्रामच्या चर्चेच्या पानावर, सगळ्यांना दिसेल असं, घडलेलं लिहून टाकलं. जुन्या लॅपटॉपवरच्या प्रती तारखांसकट जोडल्या.

मग जी राळ उडाली, ती दोन दिवस खाली बसली नाही. ज्यांनी ताईला बारा वर्षं डोक्यावर घेतलं होतं, त्यांनीच तिची सालटी काढली. सगळ्यात कडक पत्र टिंबटिंबचं होतं आणि त्यातले स्वल्पविराम जागच्या जागी होते. ताईने एकच उत्तर दिलं: 'तो भाग मी लिहिला आहे. सगळा.' गुरुवारी जुन्या मंडळींपैकी तिघांनी प्रोग्रामचा ताबा ताईकडून काढून घेतला आणि यादी दुरुस्त केली. त्या दिवशी ताईचे सात फोन आले. धाकटीने एकही उचलला नाही.

शुक्रवारची मुलाखत झकास झाली. कामाची खातरजमा करायला आमची माणसं येऊन भेटतील, असं त्यांनी सांगितलं.

शनिवारी सकाळीच एक बाई आणि एक गृहस्थ दारात उभे राहिले. बाईंच्या हातात दुरुस्त यादीचा कागद होता. धाकटीने त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि खुर्चीवरची मुलीची खेळणी घाईघाईने उचलली.

"लहान मुलांच्या प्रमाणाचा भाग तुम्ही लिहिलात?" बाईंनी विचारलं.

"मीच. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत."

"तुमच्या बहिणीचा त्यात हात?"

"काडीचाही नाही. तिने नंतर एक ओळ बदलली, तेवढंच."

"बदलण्याआधीची ओळ?"

"तीही माझीच." धाकटीने लॅपटॉप उघडून ओळ दाखवली, तारीख दाखवली. इतका वेळ कुणी तिच्या कामाविषयी विचारून किती वर्षं झाली होती. तिला फार बरं वाटत होतं.

गृहस्थांनी सगळं लिहून घेतलं आणि कागद पुढे केला. धाकटीने पूर्ण नावाने सही केली.

"मग, कामावर कधीपासून यायचं?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"आम्ही चौकशी समितीकडून आलोय," बाई म्हणाल्या. "त्या ओळीमुळे गेल्या महिन्यात एका बाळाला दहापट औषध गेलं. बाळ वाचलं नाही. तो भाग आपलाच, असं तुमच्या ताईंनी पहिल्याच दिवशी लिहून दिलं होतं. परवा यादी बदलेपर्यंत आम्हाला ते खरं वाटत होतं."