मुका टॅबलेट

"परत मुका झाला बघ!" क्लाइव्हनं टॅबलेट सोफ्यावर आदळला. "पडद्यावर झळकतंय, 'फ्रंट रूममध्ये वाजत आहे'. आणि फ्रंट रूममध्ये बसलंय कोण? आपण. तुला येतंय काही ऐकू?"

"मला कशाला विचारतोस?" बेरिल विणकामावरची नजर न काढता म्हणाली. "बँडवाला तू."

ती हल्ली खिडकीपाशी बसत नसे. वारा लागतो म्हणून तिनं आपली खुर्ची शेजारच्या घराशी सामाईक असलेल्या भिंतीशी नेऊन ठेवली होती.

त्यांच्या दगडी जोडघरात गाणी वाजवायची नवी यंत्रणा आली, तेव्हा ओटलीच्या बाजारातल्या दुकानदारानं स्वतः येऊन स्पीकर बसवले. यंत्रणेत या खोलीला नाव काय देऊ, असं त्यानं विचारलंसुद्धा नाही. यॉर्कशरमध्ये चांगल्या खुर्च्या असतात ती फ्रंट रूम. गावातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो हेच नाव लिहून देई आणि कुणाची त्याला हरकत नसे.

आता प्रश्न एवढाच उरला होता, की या यंत्रणेला हुकूम सोडायचा कशावरून? क्लाइव्हच्या फोनवरून, की लेकीनं पाठवलेल्या टॅबलेटवरून? फोनचं म्हणणं यंत्रणा मुकाट ऐके, पण त्यावरची अक्षरं मुंगीएवढी आणि क्लाइव्हची बोटं मुळ्यासारखी. परवा पाद्री चहाला आलेले असताना तो भजन लावायला गेला आणि दारूच्या गुत्त्यातलं गाणं लागलं. पाद्रीबुवांनी दुसरा कप मागितला तो ते संपल्यावरच. टॅबलेटवर सगळं कसं ऐसपैस दिसे. पण नुसतं दिसे. आवाजाच्या नावानं बोंब.

"एका दिवसात निकाल लावू नकोस," बेरिलनं सुचवलं होतं. "टॅबलेट मी जोडून दिलाय नीट. रोज दोन्हीवर एकच धून लावून बघ. तुमच्या बँडची ती संथ धून लाव, त्यातला सूर न् सूर तुला पाठ आहे."

क्लाइव्ह तेव्हा जरा घुटमळला होता. त्या धुनेत मधोमध युफोनियम हा पितळी कर्णा एकटाच वाजतो, खर्जातला, भरदार. आणि तो वाजवलेला होता गॉर्डन लंबनं. भिंतीपलीकडच्या गॉर्डननं.

तीन वर्षांपूर्वी स्पर्धेत गॉर्डन आपल्या तुकड्यात एक ठोका आधी शिरला आणि बँड हरला. परतीच्या बसमध्ये क्लाइव्हनं ते सगळ्यांदेखत त्याच्या तोंडावर सांगितलं. तेव्हापासून अबोला. जन्मभर एका बाकावर बसून वाजवलेली माणसं कचऱ्याचे डबे बाहेर काढतानाही एकमेकांकडे बघेनाशी झाली. बेरिल तेवढी अधूनमधून पलीकडे जाई. भांडण तुमचं, माझं काय, म्हणे.

खरं सांगायचं तर क्लाइव्हला गॉर्डनची फार आठवण येई. पण माफी मागणं त्याच्या घराण्यात नव्हतं. चुकला तो, त्यानंच आधी बोलावं. पलीकडेही बहुधा हाच हिशेब चालू असावा.

रोज संध्याकाळी जेवणं आटोपली की परीक्षा सुरू होई. आधी फोन. धून खोलीभर पसरे, युफोनियम आला की क्लाइव्ह डोळे मिटून घेई. "वाजवतो मात्र लेकाचा!" एकदा त्याच्या तोंडून निसटलंच.

मग टॅबलेट. शुकशुकाट.

"आवाज वाढवून बघ," बेरिल म्हणे.

"वाढवला."

"अजून वाढव. आणि मध्येच बंद करू नकोस, उशिरा सुरू होत असेल."

क्लाइव्ह तो तसाच चालू ठेवून भांडी घासायला जाई. हात पुसत परत यावं तर बेरिल भिंतीशी बसून विणतेय आणि तिचा पाय ठेका धरतोय. फोनवरची धून बाईच्या डोक्यातून अजून जात नाही, असं त्याला वाटे.

शनिवारी त्यानं निकाल जाहीर केला. "फोन जिंकला. टॅबलेट लेकीला परत."

"बरं. पण आज शेवटचं एकदा बघ. पूर्ण आवाजात."

त्यानं आवाज शेवटापर्यंत नेला आणि हात बांधून बसला. धून अर्धी झाली असेल नसेल, तोच दारावरची घंटा वाजली.

दारात गॉर्डन उभा. चट्ट्यापट्ट्याचा स्वेटर, काखेत परसातल्या ऱ्हुबार्बच्या आंबट देठांची जुडी.

"पुरे कर बाबा आता," तो म्हणाला. "पोचलं मला."

"काय पोचलं?"

"वेड पांघरून पेडगावला जाऊ नकोस. रोज संध्याकाळी माझ्याच घरात, माझ्याच स्पीकरवर माझाच तुकडा वाजवतोस. आधी वाटलं यंत्र बिघडलं. मग डोक्यात प्रकाश पडला. तोंडानं माफी मागेल तो क्लाइव्ह कसला! आज तर कपाटातल्या बश्या नाचायला लागल्या." त्यानं घसा खाकरला. "त्या दिवशी मी आधी शिरलो होतो. एक ठोका. झालं समाधान? आता ही जुडी धर."

'मी कशाला माफी मागू,' हे वाक्य क्लाइव्हच्या ओठावर आलं होतं. त्यानं गॉर्डनकडे पाहिलं. गडी वाळला होता. क्लाइव्हनं जुडी हातात घेतली. ते वाक्य त्यानं गिळलं.

"बसमध्ये तसं बोलायला नको होतं मी," तो म्हणाला. "आत ये. बाहेर गार आहे."

गॉर्डन आपल्या जुन्या जागी सोफ्यावर टेकला आणि मुका टॅबलेट उचलून न्याहाळू लागला. "एवढं मात्र सांग लेका, माझ्या वायफायमध्ये घुसलास कसा तू?"

क्लाइव्हला स्वतःलाच ते विचारायचं होतं. तेवढ्यात बेरिल ट्रे घेऊन आली. चहा चांगला मुरलेला होता आणि कप तीन होते.

"तू तुझ्या लेकीकडे गेला होतास आणि मी तुझ्या मांजराला खायला घालायला येत होते, तेव्हा पासवर्ड तुझ्या फ्रिजवरच चिकटवलेला होता, गॉर्डन," तिसऱ्या कपात चहा ओतत ती म्हणाली.